गुग्गुळाचं शोधन, आमच्या पडवीत

माघ उजाडतो, हवेतला दमटपणा जातो, ऊन खणखणीत होतं, आणि साताऱ्यातल्या आमच्या दवाखान्यामागच्या पडवीत गुग्गुळाच्या शोधनाचं, म्हणजे औषधासाठी तो शुद्ध करण्याचं काम निघतं. गेली एकतीस वर्षं मी हा महिना चुकवलेला नाही. आंतरवासितेला आलेली मुलं-मुली मदतीला असतात आणि दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "ताई, बाजारात शुद्ध गुग्गुळ मिळतो की. मग तीन दिवस चुलीपाशी कशाला?" त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे. नवीन वैद्यांना उपयोग होईल, आणि घरी गुग्गुळाच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही आपण काय घेतो ते कळेल.

आधी एक गोष्ट मनात पक्की बसवा. गुग्गुळ म्हणजे एका काटेरी झुडपाचा गोठलेला रस, आणि त्याच्या एका खड्यात तीन वस्तू एकत्र नांदतात: डिंक, राळ आणि उडून जाणारं सुगंधी तेल. डिंक पाण्यात विरघळतो. राळ पाण्याला दाद देत नाही, ती स्पिरिटमध्ये उतरते, तुपात मुरते. तेल उष्णता वाढली की हवेत निघून जातं. निवडणं, उकळणं, कुटणं, साठवणं, या सगळ्यात या तिघांचा वेगवेगळा स्वभाव सांभाळायचा असतो. स्वयंपाकघरातला हिंगही याच जातकुळीतला आहे. हिंग आपण तेलात फुलवतो, कारण त्याचा वास आणि गुण ज्या अंशात आहेत तो स्निग्धात उतरतो. आपल्या आज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, फोडणी ठाऊक होती.

आता यातलं औषध कशात आहे? बरंचसं राळेत. तिथे गुग्गुलस्टेरॉन नावाची संयुगं सापडतात, ई आणि झेड अशी दोन. दोघांतले अणू तेच, संख्या तीच, फक्त एका दुहेरी बंधापाशी मांडणी फिरलेली. नावात स्टेरॉन आहे म्हणून दचकू नका, आपल्या रक्तातलं कोलेस्टेरॉलही त्याच घडणीचं असतं. तेलाच्या भागात मायरसीनसारखे हलके रेणू असतात, खडा फोडल्यावर पहिला वास येतो तो त्यांचा. डिंक म्हणजे शर्करांच्या लांब साखळ्या. त्यात मोठं औषध नाही, पण राळ आणि तेल यांना पाण्यात धरून ठेवायचं काम तोच करतो.

आधुनिक काळात गुग्गुळ उजेडात आला तो एका वैद्यकीय प्रबंधामुळे. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतलं मेदोरोगाचं वर्णन वाचलं. मेद वाढतो, स्रोतसांचे, म्हणजे शरीरातल्या वाहिन्यांचे मार्ग अडतात, पुढे नाना व्याधी होतात. हे वर्णन त्यांना धमन्यांत चरबी साठण्याच्या विकाराशी मिळतंजुळतं वाटलं. सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांनी गुग्गुळाचा परिणाम पाहिला आणि १९६६ मध्ये प्रबंध सादर केला. पुढे त्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळातला इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळणारा अंश वेगळा काढला, त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९८० च्या दशकात गुगुलिपिड हे औषध भारतात आलं. मला या गोष्टीत सगळ्यात भावतं ते असं, की एका बाईने जुना श्लोक पाठ म्हणून सोडून दिला नाही, तो तपासायला घेतला.

तपासण्याची दुसरी बाजूही सांगते, लपवायची नाही. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. तिथे गुगुलिपिड घेणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरलं नाही, थोडं चढलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ आलं. त्यांचा आहार वेगळा, प्रकृती वेगळी, हे सगळं खरं. पण तेवढ्यावर तो निकाल मी बाजूला सारत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून गुग्गुळ सुरू करा, असं मी कुणालाही सांगत नाही. माझ्याकडे गुग्गुळ जातो तो मुख्यतः सांध्यांसाठी, आमवात-संधिवाताच्या कल्पांतून, म्हणजे मिश्र औषधांतून.

खडा निवडताना

दुकानात गुग्गुळ मागितला की व्यापारी आधी चूर पुढे करतो. चूर घेऊ नका. खडे मागा. चांगला खडा पिवळसर तपकिरी, कधी हिरवट झाक असलेला, बाहेरून धुळकट. तो खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरा. कडेचा पातळ भाग मधासारखा उजळतो. बोटांत दाबून पाहा, किंचित चिकट लागला पाहिजे. कण जिभेवर ठेवा. कडू, सुगंधी, आणि चावला तर दाताला धरून बसणारा. भावप्रकाश या जुन्या आयुर्वेद ग्रंथात नव्या गुग्गुळाला सोन्याच्या रंगाचा, पिकलेल्या जांभळासारखा, सुगंधी आणि पिच्छिल, म्हणजे बुळबुळीत-चिकट, म्हटलं आहे. जो सुकला, ज्याचा वास बिघडला, मूळचा रंग गेला, तो वीर्य, म्हणजे औषधी ताकद, गेलेला. तेल उडालं की राळ ठिसूळ आणि निस्तेज होते, हेच त्या वर्णनात आहे.

मग घरी आणून तीन गोष्टी करा.

पहिली, गरम पाण्याची. द्राक्षाएवढा तुकडा काचेच्या पेल्यात टाका, वर चांगलं गरम पाणी ओता, दहा मिनिटं थांबून चमच्याने हलवा. पाणी दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. डिंक विरघळतो आणि राळ-तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगते ठेवतो, म्हणून दुधाचा रंग. दुधातही तेच घडतं, तिथे स्निग्धाचे थेंब असतात. पाणी नुसतं चिकट आणि पारदर्शक राहिलं तर बाभळीचा डिंक मिसळलेला आहे असं समजा. तळाशी वाळू बसली तर ती डोळ्यांनीच दिसते.

दुसरी, स्पिरिटची. चिमूटभर पूड परीक्षानळीत घ्या, त्यात स्पिरिट घाला, हलवा. जवळपास ज्योत नको. वरचं द्रव पिवळं होतं, खाली पांढरट डिंक उरतो. औषधांची सरकारी मानकं सांगणाऱ्या भारतीय आयुर्वेदिक भेषजसंहितेत याचीच मापं दिलेली आहेत: अल्कोहोलमध्ये उतरणारा अंश २७ टक्क्यांहून कमी नको, पाण्यात उतरणारा ५३ टक्क्यांहून कमी नको. घरी टक्के मोजता येत नाहीत, पण खात्रीचा नमुना शेजारी ठेवून तुलना केली की डोळा तयार होतो. माझ्या कपाटात, माझ्या आधी हे काम करणाऱ्या अण्णांच्या वेळच्या चांगल्या गुग्गुळाची एक बाटली आहे, ती औषधात कधी जात नाही, फक्त तुलनेला.

तिसरी निखाऱ्याची. छोटा कण निखाऱ्यावर ठेवा. गुग्गुळ जळतो आणि मागे राख अगदी थोडी ठेवतो. राख टेकाडासारखी राहिली तर माती-वाळू आहे.

सालई गुग्गुळाची, म्हणजे सालई या दुसऱ्या झाडाच्या डिंकाची भेसळ मात्र नाकाने पकडावी लागते. सालईचा खडा काचेसारखा तुटतो आणि टर्पेंटाइनसारखा वास मारतो. एकदा दोन्ही शेजारी ठेवून हुंगा, मग आयुष्यभर चूक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून आलेल्या किलोभर मालातून मी दीडशे ग्रॅम साल, वाळू आणि खडे वेचून काढले. भेषजसंहितेत परकीय द्रव्याची मर्यादा ४ टक्के, म्हणजे किलोला चाळीस ग्रॅम. तेव्हापासून आधी शंभर ग्रॅम मागवते, निवडते, तोलते, मगच पुढची मागणी.

झुडूप पाहिलं तेव्हा

एका हिवाळ्यात कच्छला गेले होते. नखत्राणाकडच्या एका खडकाळ माळावर तिथल्या माणसाने झुडूप दाखवलं. ते लोक त्याला गूगळ म्हणतात. माझ्या खांद्याएवढं, वाकडंतिकडं, काटेरी, पानं जवळजवळ नाहीतच. खोडावरची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटत होती आणि खाली हिरवट कातडी चमकत होती. एका फांदीवर चाकूची तिरकी चीर होती, तिच्या खालच्या ओठाशी गहू-हरभऱ्याएवढे पिवळे थेंब गोठलेले. मी एक थेंब नखाने टोकरला. आत अजून ओला होता, आणि पडवीत शोधनाच्या दिवशी येतो तोच वास. शेजारचं झुडूप मात्र वाळून गेलेलं. त्याला जास्त चिरा दिल्या होत्या, चिरेवर जास्त रस निघावा म्हणून लेपही लावला होता. रस भरपूर मिळतो, झाड मरतं.

हे झुडूप चिरा देण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि एका हंगामात काही शे ग्रॅमच रस देतं. राजस्थान, कच्छ, पलीकडे सिंध-बलुचिस्तान हाच त्याचा मुख्य मुलूख. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ते अतिसंकटग्रस्त आहे. म्हणून माझी एक कळकळीची विनंती: धुपासाठी औषधी गुग्गुळ जाळू नका. धुपाला साल वृक्षाची राळ चालते, ऊद चालतो, आपल्या सातपुड्यातल्या सालईचा डिंक तर फार सुरेख चालतो. वैद्यांनीही हंगामाला लागेल तेवढाच घ्यावा. मी वर्षाला दोन किलोच्या वर घेत नाही.

शोधन

खाली अडीचशे ग्रॅमचं माप देते. पहिल्यांदा करणाऱ्याने याहून जास्त घेऊ नये.

गुग्गुळ हरभऱ्याएवढा फोडा. फार बारीक नको, बत्त्याला चिकटतो. पांढऱ्या कागदावर पसरा आणि साल, काड्या, खडे एकेक करून वेचा. या कामाला घाई नको, आमच्याकडे दुपारभर चालतं.

अडीचशे ग्रॅम त्रिफळ्याची भरड घ्या, चूर्ण नको. चार लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर एक लिटर राहीपर्यंत आटवा, गाळून घ्या. पातेलं स्टीलचं हवं. हिरड्या-बेहड्यात टॅनिन असतं, लोखंडाला लागलं की काढा शाईसारखा काळा होतो. कुणी गोमूत्रात शोधन करतात, कुणी दुधात, कुणी गुळवेलीच्या काढ्यात. रुग्णानुसार तेही करतात. मी त्रिफळ्याची पद्धत धरली कारण अण्णांची तीच होती, आणि तिची चूक-बरोबर मला हाताने कळते.

गुग्गुळ दुहेरी मलमलीच्या फडक्यात सैल बांधा. फुगायला जागा ठेवा. पातेल्याच्या काठावर आडवी काठी, तिला पोटली टांगलेली, पोटली काढ्यात बुडालेली पण बुडाला टेकलेली नाही. हेच दोलायंत्र. खाली आच अशी, की काढ्याला उकळी फुटता फुटता थांबावी.

इथे माझी पहिल्या वर्षीची चूक सांगते. अण्णा नुकतेच गेले होते, दवाखान्यात गर्दी होती, आणि मला दोन तासांत काम उरकायचं होतं. आच वाढवली. दोरी भिजून लांबली, पोटली बुडाला टेकली, आणि मी आत रुग्ण तपासत असताना गुग्गुळ तळाशी लागला. वास आला तेव्हा उशीर झाला होता. पातेल्यात काळा खरपूस थर आणि वर कडवट धूर. सगळा घाणा टाकून द्यावा लागला. त्या अडीचशे ग्रॅमसाठी कच्छात कुणाच्या तरी झुडपावर चिरा पडल्या होत्या, ते मनातून जात नाही. तेव्हापासून दोरी आधी भिजवून, ताणून मगच बांधते, आणि चुलीपाशी माणूस बसलेला असतो. उठायचं असेल तर दुसऱ्याला बसवून उठायचं.

थोड्याच वेळात काढ्याचा रंग बदलायला लागतो. पिवळट तपकिरी काढ्यात पोटलीच्या शिवणीतून दुधाळ धागे उतरतात आणि हळूहळू सगळा काढा चहात दूध घातल्यासारखा होतो. पळीच्या पाठीने पोटली अधूनमधून पातेल्याच्या बाजूवर दाबा. तीन-साडेतीन तासांनी पोटली हलकी होते, आत साल आणि वाळूच राहते. काठी उचला, पोटली निथळू द्या, पिळा आणि गाळ झाडाच्या बुंध्याशी टाका.

आता आटवणं. यात तेल सगळ्यात जास्त जातं, म्हणून मी उघड्या ज्योतीवर आटवत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवते आणि त्यावर रुंद ताटलीत हे द्रव, वाफेवर. वेळ दुप्पट लागतो, वास मात्र टिकतो. पळीवरून पडताना मधासारखी तार धरली की थांबा.

परातीला गायीच्या तुपाचा हात फिरवा आणि हे पातळ थरात पसरा. वर मलमल बांधून उन्हात ठेवा. माघ-फाल्गुनात साताऱ्याच्या उन्हात चार-पाच दिवस. चैत्र-वैशाखात गुग्गुळ वितळतो आणि सुकतच नाही, पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. रात्री परात घरात घ्या, दव लागू देऊ नका. थर परातीपासून सुटायला लागला की झालं. माझ्या वहीत अडीचशे ग्रॅमचे कधी २८० तर कधी ३०० ग्रॅम लिहिलेले आहेत. वजन वाढतं ते त्रिफळ्याचं सत्त्व त्यात आलेलं असतं म्हणून. नव्या मुलांना इथे वाटतं की पाणी राहिलं. बोटाने मोडून पाहा, वाकून चिकटला तर ओला, तडकला तर सुकला.

कुटणं

हे माझं आवडतं काम. दगडी खल उन्हात ठेवून कोमट करायचा. शुद्ध गुग्गुळ आणि एक चमचा तूप घालून बत्ता चालवायचा. सुरुवातीला तो तुमच्याशी भांडतो. बत्त्याला चिकटतो, उचलला तर सगळा गोळा वर येतो. तूप थेंबाथेंबाने घालत राहा, अडीचशे ग्रॅमला मिळून अडीच-तीन चमचे पुरतात. तासाभरात तो मऊ पडतो, मेणासारखा होतो, आणि बत्त्याचा आवाजच बदलतो. आधी ठक्‌ ठक्‌, मग नुसतं धप्प. अण्णा माजघरात बसून आवाजावरून सांगायचे, "झाला गं, आता चूर्ण घाल."

तूप फक्त चिकटपणासाठी नाही. राळेतली संयुगं पाण्याला भितात, स्निग्धाबरोबर ती सोयीने शोषली जातात. सालईतल्या बॉस्वेलिक आम्लांवर हे तपासलं गेलं आहे. स्निग्ध जेवणाबरोबर घेतलेली सालई रिकाम्या पोटी घेतलेल्या सालईपेक्षा रक्तात जास्त उतरली. खलातलं तूप मला तेव्हापासून वेगळंच दिसतं.

कल्पातली चूर्णं वस्त्रगाळ करून घाला, पुन्हा कुटा, हाताला तूप लावून गोळ्या वळा आणि सावलीत सुकवा. काचेच्या बाटलीत, घट्ट बुचाने, अंधाऱ्या कपाटात ठेवा. बाटलीवर शोधनाची तिथी आणि गुग्गुळ कुठून आला ते लिहा. आपल्या रुग्णांसाठी वैद्याने औषध करणं कायद्याला मान्य आहे, दुकानात विकायला ठेवायचं तर परवाना लागतो.

एक सावधगिरी घरच्यांसाठी. दुकानात गुग्गुळाशेजारीच बोळ असतो. बाळंतबोळ म्हणजे हिराबोळ, गुग्गुळाच्याच कुळातल्या झाडाची राळ. पण काळा बोळ म्हणून मिळतो तो कोरफडीचा आटवलेला रस, जोरदार रेचक. नावावरून घेऊ नका, वैद्याला दाखवून घ्या.

कुणी घेऊ नये

गर्भार बाईने गुग्गुळ घेऊ नये. अंगावर पुरळ उठलं, जुलाब लागले तर थांबवावा. थायरॉइडच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावं. चालू असताना आंबट, तिखट, दारू, उन्हातली दगदग टाळावी, असं भावप्रकाश सांगतो. त्याच यादीत त्याने राग हाही घातला आहे, तेही मी रुग्णांना वाचून दाखवते.

आणि डिल्टियाझेम किंवा प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये. गुग्गुळाबरोबर ही औषधं रक्तात कमी उतरतात. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. गुडघ्यांसाठी कुणीतरी सुचवलं म्हणून दोन महिने स्वतःच गुग्गुळाच्या गोळ्या आणून घेत होते. रक्तदाब का वाढतो हे त्यांना कळेना. हृदयाच्या गोळीचं नाव त्यांना आठवत नव्हतं, म्हणून मुलाला फोन करून पाकिटावरचं नाव वाचायला सांगितलं. डिल्टियाझेम. गुग्गुळ बंद केला, त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, तीन आठवड्यांनी रक्तदाब पूर्ववत झाला. आता नाडी बघण्याआधी मी रुग्णाला त्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवायला सांगते.